अमावस्येच्या बाटल्या

शिरूर अनंतपाळ,
३० जानेवारी २०२५

ती. सौ. तनुजाताईस,
बजरंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

डबा आज सकाळच्या नांदेड गाडीने पाठवत आहे. आत पाणी आहे, हे मी कंडक्टरला दोनदा सांगितले. त्यावर तो म्हणाला, नांदेडची गोदावरी आटली की काय. मला हसू आले नाही, कारण त्याने डबा आडवा ठेवला होता. तो उभा करून घेतला आणि मगच खाली उतरलो.

बाटल्या सहा आहेत. आपल्या बोअरच्या दोन, नागप्पाकाकांच्या बोअरच्या दोन आणि गावविहिरीच्या दोन. तू लिहून दिल्याप्रमाणे मोटार पंधरा मिनिटे चालवली, पाइपातले शिळे पाणी जाऊ दिले आणि त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली. विसळताना तीनदा झाले की दोनदा, असा संशय आला म्हणून पाचदा विसळली. लाल झाकणाच्या बाटल्यांत तुझ्या ॲसिडचे पाच-पाच थेंब हातमोजे घालून टाकले आहेत. तू दर पंधरा दिवसांनी भर म्हणाली होतीस; मी ते अमावस्या-पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसावर लावून घेतले आहे. माझी तारीख चुकू शकते, पण आईच्या घरात अमावस्या चुकत नाही.

मागच्या आठवड्यात तू तुझ्या नांदेडच्या माणसांना घेऊन आलीस, त्याची चर्चा अजून संपलेली नाही. दोन गाड्या, ती वायरची यंत्रे आणि टोपी घातलेले ते साहेब आपल्याच बोअरभोवती दोन तास उभे राहिले, हे साऱ्या शिवाराने पाहिले. नागप्पाकाका मला विचारत होते, त्यांच्या बोअरने असे काय घोडे मारले की त्याच्याकडे साहेबांनी मानही वळवली नाही. त्यांचा बोअर उन्हाळ्यात आचके देतो, आपला देत नाही, म्हणून तुला आपला जास्त उपयोगी आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. दुखावले असते.

आप्पा हॉटेलात बसून सांगतात, आमची पोरगी दगडाच्या आणि पाण्याच्या भांडणात पंच आहे. आई मात्र तुम्ही गेल्यापासून घुम्यासारखी बसली आहे. एवढ्या माणसांनी एकाच जागी टक लावून पाहणे बरे नव्हे, एवढेच म्हणाली.

दाजींना नमस्कार. झाकणे घट्ट आहेत का ते पाहून कळवणे. पाणी सांडले तरी चालेल, तुझा लोभ सांडू नये.

तुझा,
बजरंग

*

नांदेड,
६ मार्च २०२५

चि. बजरंगास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही डबे मिळाले. झाकणं इतकी घट्ट होती की एक उघडायला तुझ्या दाजींनी पक्कड आणली. रोज शाळेत मुलांना शांत बसवून येणारा माणूस एका झाकणापुढे घामाघूम झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता नीट वाच. जानेवारीच्या अमावस्येचा निकाल आला आहे. नागप्पाकाकांचं पाणी नेहमीसारखं आहे. गावविहिरीचंही. आपल्या बोअरचं पाणी मात्र बिघडलंय. म्हणजे पिण्यासाठी नव्हे, माझ्या हिशेबानं बिघडलंय. त्यात सल्फेट नावाचा क्षार असतो, तो नोव्हेंबर-डिसेंबरात लिटरमागे अठरा मिलिग्रॅम होता, तो एकदम साठ झाला. आणि ॲल्युमिनियम आहे. आपल्या काळ्या खडकातून एवढं ॲल्युमिनियम साध्या पाण्यात उतरत नाही. पंधरा दिवसांनी, पौर्णिमेच्या बाटलीत, सगळं पुन्हा जवळजवळ जागेवर आलेलं आहे.

तू मागे विचारलं होतंस की मी नेमकं काय करते. सोपं सांगते. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत शिरतं आणि वर्षानुवर्षं तिथं राहतं. राहताना खडकातलं थोडं विरघळवून घेतं आणि स्वतःजवळचं थोडं तिथं ठेवून जातं. नांगराला लागतात त्या पांढऱ्या गारा पाण्यानंच ठेवलेल्या आहेत. लग्नात आहेर येतो आणि परत-आहेर जातो, तसंच. पाण्याच्या ओटीत काय काय आहे ते बघून मी ओळखते की ते कोणाच्या घरून आलं, किती खोलवरून आलं. अकरा वर्षं मी हे आहेर मोजते आहे. असा आहेर पाहिला नव्हता.

म्हणून विचारते, रागावू नकोस. बाटल्या कशानं धुतल्यास? राख, साबण, चिंच, काही? आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नकोस. मागच्या वेळी तू वाऱ्याची दिशा, म्हशीचा खोकला आणि नागप्पाकाकांचा मूड लिहिला होतास. ते वाचता वाचता माझा चहा गार झाला.

आईला सांग, मी जेवते. तुम्हा सर्वांवर जीव आहे हे बाटलीत भरून पाठवता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझी,
ताई

*

शिरूर अनंतपाळ,
१५ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
बजरंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. बाटल्या मी पाण्याशिवाय कशानेही धुतलेल्या नाहीत. पत्र आल्यावर सहाही रिकाम्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. एकीत आतून डाग दिसला. तो बाहेरून निघाला.

ॲल्युमिनियमबद्दल मी मुळापासून तपास केला. ॲल्युमिनियम म्हणजे आपली जर्मनची भांडी, हे आप्पांनी ओळखले. तेव्हा घरातली जर्मनची सगळी भांडी मोजली. पातेली चार, डबे दोन, एक चहाची किटली जिला कान नाही. सगळी आहेत, बोअरमध्ये काही पडलेले नाही. तरी नागप्पाकाकांकडेही चौकशी केली की त्यांचा एखादा तांब्या हरवला आहे का. ते म्हणाले, हरवला असता तर तुमच्या बोअरमध्ये कशाला शोधायला आलो असतो. मग विचार करून म्हणाले, आमच्या बोअरमध्ये काय आहे ते कधी विचारत नाहीत, तुमच्यातले तांबेसुद्धा मोजतात.

एक चूक माझ्याकडून झाली आहे. तुझे पत्र मी आप्पांना वाचून दाखवले आणि आप्पांनी ते हॉटेलात नेले. आपल्या बोअरमध्ये असे काही निघाले आहे जे नागप्पाच्या आणि गावच्या पाण्यात नाही, एवढे लोकांनी बरोबर ऐकले. पुढचे ज्याने त्याने आपापले घातले. कोणी म्हणतो खाण निघणार, कोणी म्हणतो सरकार जमीन घेणार. काल परगावची तीन माणसे मोटारसायकलवर येऊन बोअर बघून गेली. बोअरमध्ये बघण्यासारखे काही नसते, पाइप असतो, तरी त्यांनी पाहिला. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. आई असे कधी करत नाही.

सोमवारच्या बाजारातून तुझ्यासाठी शेंगदाणे आणले आहेत, ते डब्याच्या कोपऱ्यात आहेत, बाटल्यांना हादरा बसू नये म्हणून. बाकी बाजार किरकोळ. मीठ, गूळ, आप्पांच्या दाढीसाठी आईने सांगितलेली तुरटी. या वेळी अर्धा किलो सांगितली.

शेरा दोन ओळींत बसवला आहे. म्हशीचा खोकला बरा आहे, हे तिथे मावले नाही म्हणून इथे लिहितो.

माझ्या हातावरचा विश्वास कमी झाला असल्यास स्पष्ट कळवणे, मनात ठेवू नये.

तुझा,
बजरंग

*

नांदेड,
२ मे २०२५

चि. बजरंगास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातावर माझा माझ्या हातापेक्षा जास्त विश्वास आहे. तो वाढायला आता कारणही झालं आहे.

फेब्रुवारीच्या अमावस्येला सल्फेट पंच्याण्णव. मार्चच्या अमावस्येला एकशे चाळीस. एप्रिलची बाटली मी स्वतः रांग मोडून यंत्रावर लावली: दोनशे दहा. मधल्या प्रत्येक पौर्णिमेला खाली. त्याबरोबर ॲल्युमिनियम, पोटॅशियम, आणि चुन्याचं कॅल्शियमही वर-खाली. बजरंग, आपल्या बोअरखाली काहीतरी अमावस्येला उसासा टाकतं!

माझा अंदाज असा की त्र्याण्णवच्या भूकंपानं खोलवर ज्या भेगा पडल्या, त्यातल्या एखाद्या भेगेतून खालचं, निराळ्या जातीचं पाणी वर येतंय. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते, तशी जमिनीलाही बोटभर येते, आणि भेग उघडते-मिटते. हे खरं ठरलं तर आजवर कोणी असं मोजलेलं नाही. एकच गोष्ट बसत नाही. चंद्राची ओढ अमावस्येला असते तशी पौर्णिमेलाही असते. मग पौर्णिमेला काहीच का नाही? रोज त्यावर डोकं खाजवते. काहीतरी सापडेल.

आता मुद्द्याचं. माझी नेमणूक कंत्राटी आहे, हे तुला माहीत आहे, घरी माहीत नाही. तीस जूनला संपते. चौदा जूनला हैदराबादला परिषद आहे, तिथं मी हे मांडणार. मुदत वाढवणाऱ्या समितीचे लोक समोर बसलेले असणार. त्यांना पटलं तर पुढची तीन वर्षं मिळतील, स्वतःची प्रयोगशाळा मिळेल. नाही पटलं तर छत्तिसाव्या वर्षी मी कुठल्यातरी शिकवणीत मुलांना नववीचं विज्ञान शिकवेन. तेही वाईट नाही. पण मला दगड हवेत.

म्हणून मे महिन्याची अमावस्या फार महत्त्वाची. ती बाटली जपून भर. आणि हे सगळं गुपित. आप्पांना नाही, हॉटेलात नाही, नागप्पाकाकांना तर मुळीच नाही.

तुझ्यावर सगळा भार टाकून निर्धास्त असलेली,
ताई

*

शिरूर अनंतपाळ,
१० मे २०२५

ती. सौ. ताईस,
बजरंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गुपित मी ठेवले. पण माझ्या चेहऱ्यावर ते लपत नाही. पत्र वाचल्यापासून मी बाज अंगणात टाकली आहे, भिंतीपासून नऊ फूट. आईने विचारले, आत काय झाले. मी म्हणालो उकडते. तिने माझ्याकडे अर्धा मिनिट पाहिले. मग मला भूकंप, भेग आणि अमावस्या एवढे तीन शब्द सांगावे लागले. कंत्राटाचे सांगितले नाही. हैदराबादला मोठी सभा आहे आणि आपल्या बोअरचे नाव तिथे निघणार आहे, हे मात्र तोंडातून गेले.

आई म्हणाली, म्हणजे आता हैदराबादची माणसंही बघणार. मी म्हणालो, चित्रात बघतील. ती म्हणाली, चित्रात बघितलेलं तर जास्तच लागतं.

माझे तीन प्रश्न आहेत. उसासा टाकताना घर हलेल का? हलणार असल्यास आदल्या दिवशी कळेल का? आणि म्हशीला कळेल का? बारावीला रसायनात मला सव्वीस मार्क होते, हे लक्षात घेऊन सोप्या भाषेत उत्तर लिहावे.

मे महिन्याच्या बाटलीची काळजी करू नये. तिची काळजी मी करत आहे. तुझी माया आहे तोवर आमची जमीन घट्ट आहे, असे समजतो.

तुझा,
बजरंग

*

शिरूर अनंतपाळ,
२९ मे २०२५

ती. सौ. ताईस,
बजरंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. पहिली तीन फाडली. आधी खाली बस, मग वाच.

मे महिन्याची अमावस्या झाली आणि परवा सकाळी मी बाटल्या भरल्या. काल मोटार जळाली. मेकॅनिक आला, पाइप वर ओढायला आप्पा, मी आणि नागप्पाकाका लागलो. सगळे पाइप बाहेर आले, मोटार आली, आणि मोटारीबरोबर बारीक नायलॉनच्या दोरीला गाठी मारलेल्या पाच काळ्या पोटल्या आल्या. चार रिकाम्या होत्या, चिंधी नुसती. पाचवीत काहीतरी पांढरे, झिजलेले होते, लिंबाएवढे उरलेले.

मेकॅनिकने हात झटकले आणि पाच पावले मागे गेला. म्हणाला, ही करणी आहे, हे काम मी करत नाही. आप्पांनी पोटल्यांकडे पाहिले आणि मग नागप्पाकाकांकडे पाहिले. नागप्पाकाका म्हणाले, माझ्याकडं कामून बघता शेषेराव. आप्पा म्हणाले, ज्याच्या पोटात दुखतं त्याच्याकडंच माणूस बघतो. त्यापुढचे मी लिहीत नाही, कारण त्यात दोघांच्याही आजोबांचा उल्लेख आहे. चाळीस वर्षे एका बांधाला नांगर चालवणारी माणसे एकमेकांच्या गळपट्टीला धरून उभी होती आणि मी मध्ये, हातात दोरी.

संध्याकाळपर्यंत गावात निम्मे लोक नागप्पाकाकांना दोष देत होते. ते ओट्यावर एकटे बसलेले आईने पाहिले. तेव्हा ती उठली, चुलीवरचा तवा उतरवला आणि सरळ म्हणाली की पोटल्या तिच्या आहेत.

ताई, ती तुरटी आहे. तुझी नांदेडची माणसे बोअरकडे टक लावून बघून गेली, तेव्हा पाण्याला दृष्ट लागेल म्हणून तिने जानेवारीच्या अमावस्येला, दिवेलागणीला, काळ्या फडक्यात तुरटी बांधून बोअरमध्ये सोडली. मी त्या वेळेला डेअरीवर दूध घालायला जातो. दर अमावस्येला नवी. आणि जसजसे तुझे पत्र येई आणि लोक बघायला येत, तसतसा ती खडा मोठा करत गेली. हैदराबादचे ऐकल्यावर या वेळी सगळ्यात मोठा घातला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते पाणी पाचदा विसळलेल्या बाटलीत भरत होतो.

तुरटी बाजारातून मीच आणत होतो. आप्पा आठवड्यातून दोनदा दाढी करतात. पाच महिन्यांत अडीच किलो तुरटी लागायला त्यांना अंगभर दाढी असायला हवी होती. हे मला एकदाही सुचले नाही.

आई म्हणते तिने काही चूक केली नाही, शिवारातले सगळे बोअर आचके देत आहेत आणि आपला चालू आहे, तो काय तुझ्या यंत्राने. नागप्पाकाकांची मात्र तिने माफी मागितली. आप्पांनी मागितली नाही, पण आज सकाळी त्यांच्या दारात वांग्याचे गाठोडे ठेवून आले.

आता माझे. रसायनात मला सव्वीस मार्क होते. तुरटीत नेमके काय असते ते मला माहीत नव्हते. मी शिरूरच्या हायस्कूलच्या सरांकडे जाऊन विचारले, कारण न सांगता. त्यांनी फळ्यावर लिहून दिले. पोटॅशियम. ॲल्युमिनियम. सल्फेट. मी तिथेच बाकावर बसलो.

तुझी सभा चौदा तारखेला आहे. चार पोटल्या मी जाळल्या, पाचवी डब्यात ठेवली आहे. बोअरमधून करणी निघाली नाही एवढेच गावाला कळले. तुझ्या आकड्यांशी तिचा संबंध आहे हे फक्त मला माहीत आहे. तू म्हणालीस तर तसेच राहील. मी कोणाला बोलणार नाही, चेहऱ्यावर आले तर चार महिने घराबाहेर पडणार नाही. पण तुला न कळवता राहिलो असतो तर मला बाटली भरण्याचा अधिकार राहिला नसता.

रागावून का होईना, उत्तर लिही. न लिहिण्याइतकी परकी होऊ नकोस.

तुझा,
बजरंग

*

नांदेड,
३ जून २०२५

चि. बजरंगास,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं. बसायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी आईवर रागावले, दुसऱ्या दिवशी तुझ्यावर, तिसऱ्या दिवशी मागचे सगळे आकडे काढून बसले. पोटॅशियमच्या दुप्पट सल्फेट. कणाकणानं मोजलं तर अगदी दुप्पट. किराणा दुकानातली तुरटी, बजरंग! पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही दिसलं असतं. ॲल्युमिनियम अर्धंमुर्धं बोअरच्या तळाशी बसत होतं म्हणून त्याचं गणित जुळत नव्हतं, आणि न जुळण्यालाच मी भूगर्भाचं रहस्य समजले. चंद्र पौर्णिमेला का ओढत नाही म्हणून दीड महिना डोकं खाजवलं. पौर्णिमेला आई तुरटी सोडत नाही म्हणून!

तुला खोटं सांगत नाही, गप्प राहायचा विचार माझ्या मनात आला. एक अख्खी संध्याकाळ होता. आलेख फार सुरेख दिसतो रे. तुझ्या दाजींना दाखवला, ते गणिताचे, त्यांना खडकातलं कळत नाही. त्यांनी फक्त विचारलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी येऊन हेच मोजलं आणि त्याला काही मिळालं नाही, तर तू काय सांगशील. मी जेवायचं ताट बाजूला सारलं.

हैदराबादला जाते आहे. काय बोलायचं ते गाडीत ठरवेन. डबा पाठवू नकोस, पोटली मात्र जपून ठेव. चार जाळल्यास, त्यासाठी मात्र तुझा कान धरणार आहे. पुरावा कोणी जाळतं का?

तुझी,
ताई

*

नांदेड,
१७ जून २०२५

चि. बजरंगास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

उभी राहिले. आलेख पडद्यावर लावला. सभागृह पुढं सरसावून बसलं. मग म्हणाले की हा उसासा पृथ्वीचा नाही, माझ्या आईचा आहे. आणि पोटलीची सगळी हकीकत सांगितली, जर्मनच्या किटलीसकट.

आधी कोणालाच कळेना हसायचं की नाही. मग मागच्या रांगेतून एक जण हसला आणि सगळं सभागृह सुटलं. तीन मिनिटं. मी मोजली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. समितीतले एक गृहस्थ डोळे पुसत होते. मला वाटलं, झालं, आता नववीचं विज्ञान.

हसणं ओसरल्यावर पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या. त्यांनी विचारलं, तुरटीचं पाणी आंबट, मग त्यानं खडकातल्या चुन्याच्या गारा किती विरघळवल्या? कॅल्शियम वाढलेलं मी पाहिलं होतं, पण उसाशाच्या नादात तिकडे बघितलंच नव्हतं. बाईंना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग हा खडक एका दिवसात उत्तर देतो, आधी त्याचा स्वभाव नीट बघा.

समितीनं तीन वर्षं दिली नाहीत. एक वर्ष दिलं. प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाही, आणि एक अट. बारा महिने आपल्या बोअरमध्ये पाण्याशिवाय काहीही जाता कामा नये. एक खडाही नाही. तसं लेखी हवं आहे, घरमालकाच्या सहीनं. पुढचं वर्ष मिळणं न मिळणं त्या बारा महिन्यांच्या बाटल्यांवर आहे.

सही आप्पा करतील. पण सही करून काय होणार, बोअर कोणाचा आहे ते तुला-मला माहीत आहे. पंचवीस तारखेला अमावस्या आहे. कंत्राटाचंही सगळं सांग आता आईला. तिला समजावणं माझ्या शास्त्रात बसत नाही. तुझं शास्त्र लाव, हात जोडते.

तुझी,
ताई

*

शिरूर अनंतपाळ,
२१ जून २०२५

चि. सौ. तनुजा लेकीस,
साखराबाईचा आशीर्वाद.

(ताई, हे आई सांगते तसे लिहीत आहे. एकही शब्द दुरुस्त करायचा नाही असे तिने बजावले आहे. मला फार जड जाते आहे. — ब.)

तुपलं पत्र या पोरानं वाचून दावलं. वाचता वाचता रडून राहिला व्हता, म्हून अर्धं कळलं, अर्धं मी समजून घेतलं. नौकरी कच्ची हाय हे इतके साल कामून लपवून ठिवलंस? मी काय परकी हाव का? तुझ्या आप्पानी हॉटेलात पक्की म्हून सांगून ठिवलंय. आता त्यांनाच निस्तरू दे.

दोनशे माणसं मला हासली म्हणं. हासू दे. हासल्यानं दृष्ट उतरती, लागत न्हाई. पर तू तितं उभी राहून खरं सांगितलंस, ते नागप्पा भाऊजीच्या घरी बी जाऊन मी सांगून आले. त्यांची रत्नम्मा म्हणली, आमची पोरगी असती तर तिनं झाकून घेतलं असतं. मी म्हणलं, म्हून तर आमच्या बोअरला पानी हाय.

आता अटीचं. कागदावर तुझ्या आप्पानी सही केली हाय. मी बी अंगठा न्हाई, सही केली हाय, चार अक्षरं, बजरंग म्हणतो बरूबर हायेत. फडकं, दोरी, तुरटी समदं काढून या पोराच्या हवाली केलं. बारा महिने मी एकटी बोअरच्या आसपास बी फिरकणार न्हाई.

पर माय, उघड्या बोअरवर मला झोप लागंल का? समद्या शिवाराचे डोळे त्याच्यावर. राखण तर कुणीतरी करायलाच पायजेल. तुझे आप्पा बसल्या जागी घोरत्यात. ह्यो बजरंग, ह्याला तर सावलीची बी दृष्ट लागती.

म्हून मपली बी एक अट हाय, ती बी लिवून घे. दर अमावस्येला तू सवता यायचं. लगीन होऊन नऊ वर्सं झाली, तू आलीस ती गाड्या आन् साहेब घेऊन, उभ्या उभ्या, चूळ बी भरली न्हाईस. आता तशी न्हाई. आदल्या दिवशी यायचं, अमावस्येच्या दिवेलागणीला माझ्यासंगं बोअरवर बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तुपल्या हातानं बाटली भरायची, जेवायचं, मग जायचं. दृष्ट लागायची काय बिशाद हाय, तू बसल्यावर. बारा अमावस्या म्हंजी बारा येळा. कमी झाल्या तर तुझ्या समितीला मी सवता कागद धाडीन.

बुधवारी अमावस्या हाय. मंगळवारी दुपारच्या गाडीनं ये. जावईबापूला बी आण, झाकणं उघडाया.

तुझी वाट बघून राहिलेली,
साखराबाई